दिव्याची तिसरी तार

सकाळी 7.15
जुन्या वाड्याचं काम असलं की पिशवी रात्रीच भरून ठेवतो आणि निघताना पुन्हा एकदा उघडून बघतो. मल्टिमीटर, मेगर, अर्थ टेस्टर, त्याच्या दोन सळया, हिरव्या वायरचं बंडल. खिशात टेस्टर असतोच. पण टेस्टरचा दिवा लागला तर तिथे फेज आहे एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही.

8.00
सदाशिव पेठेतला दुमजली वाडा. सागवानी तुळया, मातीच्या भिंती, मधे फरसबंद चौक. पाऊस तोंडावर आलाय, म्हणून मालकांनी घाई केली. तक्रार साधी: माजघरातल्या लोखंडी बोर्डाला हात लागला की झिणझिण्या येतात. आजी म्हणाल्या, "अरे, दिव्याचं बटण ते, गिझर थोडाच आहे? आम्ही कोरड्या हातानं दाबतो."

हेच मला घरोघर ऐकू येतं, आणि याचंच मला सगळ्यात भय वाटतं. पूर्वी दिव्याला दोनच तारा देत, फेज आणि न्यूट्रल. त्याला कारण होतं. लाकडी पट्टीवरून वायर, लाकडी गोल ब्लॉक, बॅकेलाइटचं बटण, बॅकेलाइटचा होल्डर. हाताला लागेल असा धातू जवळजवळ नसायचाच. तिसरी तार फक्त इस्त्रीच्या किंवा शेगडीच्या पॉवर प्लगला. पुढे घरात ट्यूबची लोखंडी पट्टी आली, पंखे आले, लोखंडी बोर्ड आले, आता एलईडीची धातूची फिटिंग आली. भिंतीवरच्या तारा मात्र दोनच राहिल्या.

8.40
मेन बोर्ड. लोखंडी मेन स्विच, खाली चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. एक फेजला, एक न्यूट्रलला. जुन्या काळी दोन्हीला फ्यूज घालत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये 230 व्होल्ट तसेच उभे राहतात. बल्ब गेला समजून माणूस स्टुलावर चढतो आणि होल्डरमध्ये बोट घालतो. न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे पक्की जोडणी केली. फेजच्या फ्यूजमध्ये कुणीतरी जाड तांब्याची तार पिळून घातली होती. तीही काढली.

9.30
माजघरातला बोर्ड उघडला. बटण न्यूट्रलवर घेतलेलं, म्हणजे बंद केलं तरी दिव्यापर्यंत फेज पोचलेलाच. आत हिरवी वायर दिसली आणि मालकांच्या मुलाला हायसं वाटलं. ती ओढली तर हातात आली. चार बोटं लांब, मागे कुठेच जोडलेली नाही.

शेजारच्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये त्याहून वाईट प्रकार. अर्थच्या पिनेवरून छोटी वायर न्यूट्रलला जोडलेली. मीटर लावला तर फेज आणि अर्थमध्ये 230 व्होल्ट दाखवतो, सगळं ठीक वाटतं. पण मागे न्यूट्रल तुटला, की चालू असलेल्या उपकरणातून फेज फिरून त्याच पिनेवर येतो आणि त्या सॉकेटवरच्या वस्तूची लोखंडी बॉडी जिवंत होते. हे काम कुणी केलं, ते मी विचारलं नाही. वायर कापून टाकली.

10.45
सगळे बल्ब आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काढून घेतले. मेगर 500 व्होल्ट सोडतो, त्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू जळू शकतात. वरच्या मजल्याच्या वायरिंगचं इन्शुलेशन निदान 1 मेगाओहम भरायला हवं, भरलं त्याच्या कितीतरी खाली. सुती वेष्टणाची जुनी रबरी वायर, हात लावताच रबराचा भुगा. माजघराच्या बोर्डातून वर जाणारी वायरही हीच. झिणझिण्या इथूनच येत होत्या.

11.30
आता अर्थिंगचा खड्डा. तो परसात, पाण्याच्या टाकीमागे. "मागच्या वर्षी तपासलाय. फेज आणि अर्थवर शंभरचा बल्ब लावला, लख्ख पेटला," मुलगा म्हणाला.

ही बल्बाची परीक्षा किती फसवी आहे, ते मी कागदावर मांडून दाखवलं. सळया ठोकून मोजलं तर खड्ड्याचा रोध 52 ओहम भरला. शंभर वॅटच्या बल्बाचा स्वतःचाच रोध सुमारे 530 ओहम. त्यामुळे 52 ओहम मधे येऊनही बल्बाला 209 व्होल्ट मिळतात आणि तो पेटतोच. पण फेज लोखंडी बॉडीला टेकला, तर या खड्ड्यातून 230 भागिले 52, म्हणजे साडेचार अँपिअरही वाहणार नाहीत. 5 अँपिअरचा फ्यूज त्यावर उडत नाही. दिवा चालू राहणार, बॉडीही जिवंत राहणार आणि घरात कुणाला पत्ता नसणार. खड्डा 6 ओहमवर आणला तर तोच प्रवाह 38 अँपिअर होतो आणि 6 अँपिअरचा बी प्रकारचा एमसीबी क्षणात पडतो.

झाकण उचललं. कोळसा कोरडा ठणठणीत, मिठानं खाल्लेल्या लोखंडी पट्टीचे बोटानं पापुद्रे निघाले.

दुपारी 1.15
डबा. आजींनी ताक दिलं.

2.00
आरसीसीबी बसवला, 30 मिलिअँपिअरचा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय ना, हे तो पाहतो. फरक पडला की तोडतो. "मग तिसरी तार कशाला हवी?" मुलाचा प्रश्न रास्त होता. तिसरी तार असेल तर बिघाड होताक्षणी गळतीला वाट मिळते आणि माणसाचा हात लागण्याआधीच पुरवठा तुटतो. त्यासाठी आजचा 52 ओहमचा खड्डासुद्धा पुरतो. तार नसेल तर आरसीसीबी गप्प बसून राहतो. गळतीला वाट मिळते ती माणसाच्या अंगातून, आणि मगच आरसीसीबी पडतो. बहुतेक वेळा जीव वाचतो. पण शॉक बसतोच, आणि स्टुलावरून पडून डोकं फुटायला तेवढा पुरतो.

वरच्या मजल्यावर आरसीसीबी टिकेना. त्या कुजक्या वायरिंगची गळतीच तेवढी होती. अशा वेळी लोक आरसीसीबी काढून टाकतात, पावसाळ्यात तर हमखास. मी वरच्या मजल्याचा पुरवठाच तोडला आणि नवं वायरिंग होईपर्यंत जोडणार नाही म्हणून सांगितलं. थोडी कुरकुर झाली.

3.30
सूनबाईंनी दिवाणखान्यासाठी सुंदर पितळी हंड्या आणल्यात, आत बल्ब बसणाऱ्या. वाड्याला शोभतील अशाच आहेत. पण छतात तारा दोन. मी त्या टांगायला नकार दिला. दोनच पर्याय ठेवले: 1.5 चौरस मिलिमीटरची हिरवी तार बोर्डापासून हंडीपर्यंत ओढायची, नाहीतर तोवर प्लास्टिकचा होल्डर किंवा चौकोनात चौकोनाची खूण असलेली, दुहेरी इन्शुलेशनची फिटिंग. त्यांनी तार निवडली. तुळईच्या कडेनं कंडुइट घेतला, पंख्यालाही तीच तार दिली. दोन तास गेले, पण आज सगळ्यात मन लावून केलेलं काम हेच.

5.45
निघता निघता परसातली भाडेकरूंची पत्र्याची खोली पाहिली. दाराबाहेर ट्यूब, तिची लोखंडी पट्टी पत्र्याला स्क्रूनं धरलेली, आणि त्याच पत्र्याच्या खांबाला कपडे वाळत घालायची तार बांधलेली. ओले कपडे, ओली जमीन, ओले हात. पावसाळ्यात आपल्याकडे बायामाणसं अशाच तारांवर जीव गमावतात. ट्यूब काढून प्लास्टिकची फिटिंग लावली, वायर पत्र्यापासून दूर नेली, कपड्यांसाठी नायलॉनची दोरी बांधून दिली. याचे पैसे लावले नाहीत.

6.30
मालकांना कागदावर लिहून दिलं: खड्ड्याचा आजचा रोध, इन्शुलेशनचा आकडा, कुठले पॉइंट बंद ठेवलेत. नवा पाइप अर्थिंगचा खड्डा या आठवड्यातच, पावसाची वाट न पाहता. ओल्या जमिनीत आकडा चांगला येतो आणि उन्हाळ्यात पुन्हा चढतो.

तुमचं घर जुनं असेल, तर परवानाधारक तारतंत्री बोलवा आणि प्रत्येक दिव्याच्या, पंख्याच्या पॉइंटला तिसरी तार पोचली आहे का ते त्याच्याकडून मोजून, लिहून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबत जा, पण त्यानं फक्त आरसीसीबीची परीक्षा होते, अर्थिंगची नाही.