ठेवीचा विमा : कोठे आहे, कोठे नाही

ज्या नवख्या ठेवीदाराने काटकसरीने शिल्लक टाकलेली रक्कम मुदतीच्या पावतीत गुंतवण्याचे योजिले असेल, त्याने व्याजाचा दर विचारण्यापूर्वी त्या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे किंवा नाही, याची खातरजमा अवश्य करावी. नागरी सहकारी बँकांना हे संरक्षण आहे. पतसंस्थांना मात्र, त्यांचा फलक कितीही भारदस्त असो, ते नाही, आणि आयुष्याची पुंजी तेथे ठेवणाऱ्या सेवानिवृत्तांस हे वेळीच सांगितले जात नाही, ही खेदाची गोष्ट होय. १९६२ साली १,५०० रुपयांपासून आरंभ झालेली या विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाख रुपये झाली असून, तीत मुद्दल व व्याज दोन्ही धरले जातात आणि एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील ठेवींची बेरीज एकत्र होते. विम्याचा हप्ता बँकच भरते.