‘एक दाबा, दोन दाबा’ : दोष यंत्राचा की मांडणीचा?

‘आपलं स्वागत आहे. विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन दाबा.’ हा आवाज एकेकाळी बँका आणि विमान कंपन्यांकडेच ऐकू यायचा. 1999 मध्ये मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ‘अ‍ॅस्टरिस्क’ ही मुक्त प्रणाली लिहायला घेतली आणि साध्या संगणकावर टेलिफोन एक्स्चेंज चालवण्याची सोय झाली. आता पॅथॉलॉजी लॅब, ट्रान्सपोर्ट ऑफिस, खताचे वितरक असे कुणीही हा स्वयंचलित ऑपरेटर ठेवतात. कुणी ईपीएबीएक्सवर बसवतं, कुणी क्लाउड सेवा देणाऱ्याकडून महिन्याच्या भाड्याने घेतं. मग तक्रारी सुरू होतात, आणि बहुतेक वेळा बोल लागतो तो यंत्राला.

गैरसमज : हा बसवला की फोन घ्यायला माणूस लागत नाही

ऑपरेटर तीनच कामं करतो : फोन उचलतो, संदेश ऐकवतो, कॉल पुढे पाठवतो. पुढे कुणाची तरी घंटी वाजायलाच हवी आणि कुणी तरी ती उचलायला हवी. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी एका कागदावर लिहून काढा : ‘दोन’ दाबल्यावर कोणाकडे वाजणार, किती वेळ वाजणार, त्याने नाही उचलला तर कोणाकडे जाणार, आणि शेवटी कुणीच नसेल तर काय. आपल्याकडची रिंग साधारण दर तीन सेकंदांनी येते, म्हणजे वीस सेकंद वाट पाहायला लावणं म्हणजे सहा-सात रिंगा. माझ्या मते त्यापुढे ताणू नये. शेवटचा थांबा व्हॉइसमेल ठेवण्याची पद्धत परदेशातून आली आहे. आपलं गिऱ्हाईक सहसा निरोप ठेवत नाही, फोन कापतं आणि पुढच्या दुकानाला लावतं. त्यापेक्षा चुकलेल्या कॉलची यादी रोज एका ठरावीक माणसाच्या हाती पडेल अशी सोय करा.

घंटी मालकाच्या मोबाइलवर वळवली असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आलेला कॉल पुन्हा बाहेर पाठवताना ऑफिसच्या दोन वाहिन्या अडकतात. चार वाहिन्यांची सेवा घेतली असेल, तर असे दोनच कॉल सगळी जागा खातात. दुसरं, त्या मोबाइलवर ‘उचलला नाही तर ऑफिसला वळवा’ असं कधीकाळी लावून ठेवलेलं असलं, तर कॉल ऑफिसातून मोबाइलवर, मोबाइलवरून ऑफिसात असा फिरत राहतो आणि बाकीच्यांना लाइन मिळत नाही.

गैरसमज : पर्याय जितके जास्त, तितकी सेवा चांगली

सातवा पर्याय ऐकेपर्यंत पहिला विसरलेला असतो. तीन-चार पुरेत. आधी काम सांगा, मग आकडा, आणि शून्य दाबल्यावर जिवंत माणूस मिळू द्या. 1800 चा टोल-फ्री नंबर असेल, तर यादी ऐकण्यात जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाचे पैसे तुमच्याच खात्यातून जातात, हेही लक्षात असू द्या. संदेशामागे सनई-सतार लावण्याचा मोह टाळा. साध्या टेलिफोनवरून 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि त्यात संगीताची खरखर होते. स्टुडिओतली भारी फाइलही शेवटी 8000 हर्ट्झ, 16 बिट, मोनो करूनच चढवायची असते.

गैरसमज : बटण दाबून काही होत नाही, म्हणजे मशीन गेलं

1963 मध्ये अमेरिकेत बेल सिस्टीमने बटणांचा फोन आणला. तेव्हापासून प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर वाजवतं. ‘एक’चे सूर 697 आणि 1209 हर्ट्झ, ‘पाच’चे 770 आणि 1336. यंत्र हे जोडसूर ओळखतं. तांब्याच्या तारेवर यात अडचण नव्हती. इंटरनेटवरून येणाऱ्या सिप लाइनवर मात्र जागा वाचवण्यासाठी आवाज दाबला जातो. जी.729 ही पद्धत सेकंदाला 64 हजार बिटांचा आवाज 8 हजारांत बसवते, पण ती माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेली आहे आणि तिच्यातून शुद्ध सूर वेडेवाकडे होऊन निघतात. त्यामुळे आकडा आवाजातून न पाठवता वेगळ्या माहितीच्या रूपात पाठवायची रीत आली. सेटिंगमध्ये ती ‘आरएफसी 2833’ किंवा तिची सुधारित आवृत्ती ‘4733’ या नावाने दिसते. सेवा देणारा एका रीतीने पाठवतो आणि तुमचं यंत्र दुसऱ्या रीतीची वाट पाहतं, तेव्हा बटण ‘लागत नाही’. दोन्ही रीती एकदम चालू असल्या, तर ‘दोन’ दाबल्यावर नोंदीत बावीस दिसतात. म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी कॉलची नोंद उघडा आणि प्रत्यक्षात कोणता आकडा पोहोचला ते पाहा.

आकडा बरोबर पोहोचतो पण पुढे जायला चार-पाच सेकंद लागतात, ही तक्रार वेगळी आहे. यादीत ‘एक’ हा पर्याय आहे आणि एक्स्टेंशनही 101, 102 अशी आहेत, तर ‘एक’ दाबल्यावर पुढे आणखी आकडे येतील का, याची यंत्र वाट पाहत बसतं. एक्स्टेंशन 6 किंवा 7 पासून, म्हणजे यादीत नसलेल्या आकड्यापासून सुरू केली की हा खोळंबा संपतो. एवढ्याशा कारणासाठी नवं यंत्र घेऊ नका.

गैरसमज : भर दुपारी ‘ऑफिस बंद आहे’ वाजतं, म्हणजे प्रणाली बिघडली

दुपारी साडेतीनला ‘ऑफिस उघडतं’ आणि रात्री साडेअकराला बंद होतं का? मग काहीही बिघडलेलं नाही. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो आहे आणि आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहोत. दहा ते सहा लिहिलं, ते त्याने त्याच्या घड्याळाने पाळलं. वेळेचा प्रदेश ‘एशिया/कोलकाता’ निवडा.

गैरसमज : लाइन सतत बिझी, म्हणजे धंदा जोरात

जुन्या तांब्याच्या लाइनी यंत्राला जोडल्या असतील, तर आधी खात्री करा. अशा लाइनवर समोरच्याने फोन ठेवल्याचं यंत्राला अनेकदा बिझी टोन ऐकूनच कळतं. भारतातला बिझी टोन 400 हर्ट्झचा आहे, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेतला 480 आणि 620 हर्ट्झचा जोडसूर आहे, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. यंत्रात देश म्हणून अमेरिकाच राहिला, तर आपला टोन त्याला ओळखू येत नाही, माणूस निघून गेला तरी लाइन धरून ठेवली जाते आणि पुढचं गिऱ्हाईक ताटकळतं. देश ‘भारत’ करणं हा इलाज आहे, पण बसवणाऱ्याच्या हातून नेमका तोच राहून जातो.

गैरसमज : एका बाजूचा आवाज येत नाही, म्हणजे नेट स्लो आहे

स्लो नेटवर आवाज तुटतो. एका बाजूचा आवाज अजिबातच येत नसेल, तर राउटर तपासा. ऑफिसातला खासगी आयपी पत्ता बाहेर कळवला गेला, की परतीच्या आवाजाला वाट सापडत नाही. राउटरमधला ‘सिप एएलजी’ बंद करून पाहणं ही पहिली पायरी.

एक काम मात्र आजच करा. यंत्राच्या आणि प्रत्येक एक्स्टेंशनच्या पासवर्डमधलं 1234 बदला, आणि धंद्याला परदेशी फोन लागत नसतील तर आयएसडी बंद करा. चोरटे रात्री आणि सुटीच्या दिवशी अशाच यंत्रांतून महागडे परदेशी कॉल लावतात, आणि बिल मालकाच्या नावावर येतं.