'मजुरी' एवढेच लिहू नका : व्यवसायाचा कोड आणि आपली मोजणी

जनगणना जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन रकान्यांवर भरपूर चर्चा होते : धर्म आणि जात. बैठका होतात, पत्रके निघतात, घरोघरी जाऊन सांगितले जाते. तिसऱ्या एका रकान्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो रकाना व्यवसायाचा. 'काम काय करता?' या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेले उत्तर असते : 'मजुरी', 'खाजगी नोकरी' किंवा 'काही नाही, घरीच असते'. या उत्तराचे पुढे काय होते, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे.

हा कोड म्हणजे काय?

देशातल्या प्रत्येक कामाला सरकारने एक क्रमांक दिलेला आहे. या यादीला राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण म्हणतात. सरकारी भाषेत एनसीओ. पहिले वर्गीकरण १९५८ चे. पुढे १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये ते नव्याने केले गेले. सध्याच्या यादीत सुमारे ३,६०० व्यवसाय आहेत आणि प्रत्येकाला आठ अंकी कोड आहे. त्यातले पहिले चार अंक आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणाशी जुळतात.

पहिला अंक कामाचा मोठा विभाग सांगतो. १ म्हणजे व्यवस्थापक, २ म्हणजे डॉक्टर, शिक्षक, वकील यांच्यासारखे व्यावसायिक, ३ म्हणजे तंत्रज्ञ व सहाय्यक व्यावसायिक, ७ म्हणजे कारागीर आणि ९ म्हणजे 'प्राथमिक' कामे. पुढचे अंक तेच काम अधिकाधिक नेमके करत जातात.

यासोबत कौशल्याचे चार स्तर आहेत. नवव्या विभागाला पहिला म्हणजे सर्वांत खालचा स्तर, कारागिरांना दुसरा, तिसऱ्या विभागाला तिसरा आणि दुसऱ्या विभागाला चौथा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कोड कामाला असतो, माणसाला नसतो. तुमची शाळा किती झाली यावर तो ठरत नाही, तुम्ही प्रत्यक्षात काय करता यावर ठरतो. भीमगीते गाणाऱ्या गायकाचा गट २६५२, म्हणजे संगीतकार आणि गायक. सिनेमात गाणाऱ्याचाही तोच.

नियोजनात त्याचा उपयोग

कोणत्या कामाची माणसे किती आहेत आणि कोणत्या कामासाठी किती लागणार आहेत, या दोन आकड्यांतला फरक काढणे म्हणजे कौशल्य नियोजन. दोन्ही बाजूंची भाषा एक असेल तरच हा फरक निघतो, आणि ती भाषा म्हणजे हे कोड. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात कामाची नोंद याच वर्गीकरणाने होते. नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवर नोकरी शोधणारा आणि माणूस शोधणारा यांची गाठ त्यावरच घातली जाते. कौशल्य अभ्यासक्रमही या कोडांशी जोडलेले असतात.

आता बांधकामाचे उदाहरण घ्या. गवंड्याचा गट ७११२, इमारतीवरच्या बिगाऱ्याचा ९३१३. पहिला कारागीर, दुसरा प्राथमिक कामगार. पंधरा वर्षे वीटकाम आणि प्लास्टर करणारा माणूस 'मजुरी' असे सांगतो, तेव्हा त्याची नोंद दुसरीकडे जाण्याचा धोका असतो. अशी हजारो उत्तरे जमली की कागदावर चित्र उभे राहते : इथे बिगारी भरपूर, गवंडी नाहीत. मग गवंडीकामाचे प्राथमिक वर्ग निघतात आणि ज्याला काम येते त्यालाच पुन्हा थापी धरायला शिकवले जाते. खरे तर त्याला हवे असते प्रमाणपत्र. येत असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तिला पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात. पण कौशल्य नोंदलेच नसेल, तर अशा मान्यतेची गरज किती जणांना आहे हे नियोजन करणाऱ्याला कळणार कुठून?

कोड काय दाखवतो, काय लपवतो

हे वर्गीकरण निर्दोष नाही. श्रमबल सर्वेक्षणाच्या माहितीत कोडचे पहिले तीनच अंक असतात. कचरा गोळा करणारे ९६११, कचरा वेगळा करणारे ९६१२, झाडूवाले ९६१३. तीन अंकांवर हे सगळे ९६१ मध्ये एकत्र होतात. भंगार वेचणारी बाई आणि महापालिकेचा सफाई कामगार एकाच ओळीत येतात. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार हा भेद तर कोडमध्ये नसतोच. तो वेगळ्या प्रश्नातून शोधावा लागतो. म्हणून सफाई कामगारांचे आकडे कुणी मांडले, तर किती अंकी कोड वापरला आणि कंत्राटी किती, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत.

दुसऱ्या बाजूला हेच वर्गीकरण आपल्या हातात मुद्देही देते. सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांचा गट ३२५३ आहे, म्हणजे तिसऱ्या विभागातले, तिसऱ्या कौशल्य स्तराचे काम. आपल्याकडे आशाताई सरकारी कागदावर स्वयंसेविका आहेत आणि त्यांना कामागणिक मोबदला मिळतो. कोड दाखवला म्हणून वेतन वाढत नाही, हे खरे. पण 'हे काही कौशल्याचे काम नाही' असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येते.

बाबासाहेब आणि मजूर खाते

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले होते की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि त्या विभागणीत वरखाली पायऱ्या आहेत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. याच काळात, १९४५ मध्ये, पुनर्वसन आणि रोजगाराचे महासंचालनालय उभे राहिले. महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम मिळावे यासाठी रोजगार विनिमय केंद्रे उघडली गेली. माणसाला त्याच्या जातीवरून नव्हे, तर त्याला येणाऱ्या कामावरून नोंदवायचे, ही कल्पना त्या केंद्रांच्या मुळाशी आहे. व्यवसाय वर्गीकरण याच यंत्रणेची गरज म्हणून वाढले.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यात जातीचीही मोजणी होणार आहे. जात आणि व्यवसाय हे दोन रकाने शेजारी ठेवले, तर श्रमिकांची ती विभागणी आज कितपत मोडली आहे हे तपासता येईल. नवव्या विभागात कोण अडकले आहे, दुसऱ्या विभागात कोण पोहोचले, पदवीधर मुले कोणत्या कामावर आहेत, हे आकड्यांत दिसेल. पण व्यवसायाच्या रकान्यात सगळीकडे 'मजुरी' असेल, तर त्यातून काहीच निष्पन्न होणार नाही.

आपण काय करायचे?

काम सांगताना हातांनी काय करतो ते सांगा : 'वीटकाम आणि प्लास्टर करतो', 'शिलाई मशीनवर कपडे शिवते', 'दवाखान्यात रुग्णांची देखभाल करते'. सोबत काम कुठे आहे आणि कायम, कंत्राटी की स्वतःचे, तेही सांगा. घरी बसून गोधड्या शिवून विकणारी, डबे देणारी बाई 'घरीच' नसते. तिच्या कामाची नोंद झाली पाहिजे. प्रश्नाला घरातला पुरुष उत्तर देत असेल, तर बाईचे काम बाईलाच सांगू द्या.

विहारातल्या रविवारच्या बैठकीत अर्धा तास यासाठी काढा. वस्तीतल्या वीस घरांची कामे कागदावर लिहून पाहा, प्रत्येकाने आपले काम दोन वाक्यांत सांगावे. गणक दारात येईल तेव्हा उत्तर तयार असेल. धर्म आणि जात सांगताना आपण जेवढे जागरूक असतो, तेवढेच काम सांगतानाही असू या.

जय भीम!