दुकानदाराला किती सांगावें?

गिऱ्हाइकाची फसवणूक म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम तागडी येते. पारड्याखालीं चिकटविलेलें मेण, बूड आंतून वर उचललेलें माप, तोंड रुंद पण पोट लहान अशी पायली, यांच्या गोष्टी माझ्या वडिलांच्या तोंडून मीं पुष्कळ ऐकल्या आहेत. ह्या लबाडीवर सरकारानें बराच इलाज केला. १९५६ सालीं वजनमापांचा कायदा होऊन दशमान पद्धति आली. २००९ सालीं नवा वैधमापन कायदा झाला. आणि आज दुकानांतील काट्याला ठराविक मुदतीनें तपासून मोहोर करून घ्यावी लागते. वेष्टनावर निव्वळ वजन आणि जास्तीत जास्त किंमत छापावी लागते. मापांत मारण्याचे प्रकार थांबले असें माझें म्हणणें नाहीं. पण तेथें काय पाहावयाचें हें गिऱ्हाइकाला कळूं लागलें आहे. आज मला जी हकीकत सांगावयाची आहे, तिच्यांत मात्र माप पुरें होतें, माल खरा होता आणि बिलांत एका पैशाची चूक नव्हती. दुकानदारानें घेतली ती एक दहा आंकडी संख्या.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतों, तालुक्याच्या गांवीं एकटी राहते. वय त्र्याहत्तर; मधुमेह बारा वर्षांपासूनचा. दरमहा ती एका औषधांच्या दुकानांतून गोळ्या आणीत असे. एके दिवशीं दुकानांतील मुलानें तिला मोबाईलचा नंबर विचारला. "कशाला रे बाळा?" असें तिनें म्हणतांच, "नंबर घातल्याशिवाय बिलच निघत नाहीं, आजी," हें उत्तर मिळालें. मागें चारपांच माणसें खोळंबलीं होतीं. अक्कानें नंबर सांगितला.

पुढें दीडदोन महिन्यांनीं तिला फोन येऊं लागले. बोलणारा गोड गळ्याचा, शब्दाशब्दाला "आजी" म्हणणारा. आणि आश्चर्य हें कीं, हिला साखरेचा विकार आहे हें त्याला आधींच ठाऊक! ह्या एका गोष्टीनें अक्काचा विश्वास बसला. डॉक्टरांकडूनच ह्याला कळलें असावें, असें तिनें मनाशीं धरलें. चूर्णाचे तीन डबे, किंमत चार हजार आठशें रुपये, डबे दारांत आल्यावर रोख, आणि तीन महिन्यांत गोळ्या कायमच्या सुटतील हें आश्वासन. अक्कानें तीन महिने वाट पाहिलीच नाहीं. तिसऱ्या आठवड्यांत गोळ्या बंद केल्या. मला कळलें तें तिला रुग्णालयांत नेल्यावर, शेजाऱ्यांकडून. पांच दिवसांनीं ती घरीं परतली, तेव्हां मला म्हणाली, "भाऊ, त्याला माझें दुखणें माहीत होतें रे!"

मी आयुष्यभर मुलांना गणित शिकविलें. पण ही बेरीज मला आधीं सुचली नव्हती. नुसतें खोटें बोलणारा विक्रेता शंभर दारें ठोठावतो, तेव्हां एकादें उघडतें. ज्याच्याजवळ आजाऱ्यांची यादी आहे त्याला नेमकें तेंच दार ठोठावतां येतें. आपली खाजगी माहिती बाहेर जाणें आणि आपली फसवणूक होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत असें आपण समजतों; वास्तविक पहिली ही दुसरीचें भांडवल आहे.

त्या दुकानानेंच माहिती विकली असा आरोप मी करीत नाहीं. दवाखाना, रक्ततपासणीची प्रयोगशाळा, नातवानें मोबाईलांत घालून दिलेलें एकादें ॲप, कोठूनही ती गेली असेल. वजन कमी भरलें तर दुसऱ्या काट्यावर तोलून पाहतां येतें. माहिती मात्र गेल्यावरही आपल्याजवळ जशीच्या तशीच राहते, म्हणून चोरी झाली हेंच उमगत नाहीं.

ह्या प्रकरणाच्या निमित्तानें मीं कायदे वाचून काढले. पहिला सांपडला तो १९५४ सालचा, औषधें आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधींचा. कांहीं ठराविक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती त्यानें मना केल्या असून त्या यादींत मधुमेह आहे. जाहिरात कशाला म्हणावें याची व्याख्या मोठी मौजेची आहे: छापील कागद तर झालाच, पण तोंडीं केलेली घोषणा, इतकेंच नव्हे तर प्रकाश, ध्वनि किंवा धूर यांच्या साधनानें केलेली घोषणासुद्धां! विमानें आकाशांत धुरानें अक्षरें काढीत, तें कायदा करणाऱ्यांच्या मनांत असावें. टेलिफोनवरचें गोड बोलणें ह्या व्याख्येंतून निसटेल असें मला तरी वाटत नाहीं.

दुसरा, ग्राहक संरक्षण कायदा. तो प्रथम १९८६ सालीं झाला आणि २०१९ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली. त्याचा अंमल जुलै २०२० पासून आहे. 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणजे काय हें त्यांत सविस्तर सांगितलें आहे. मालाविषयीं खोटें सांगणें तींत येतें, बिल न देणें येतें. आणि गिऱ्हाइकानें विश्वासानें दिलेली व्यक्तिगत माहिती कायद्याच्या आधारावांचून दुसऱ्यास कळविणें, हेंही येतें. शिवाय मे २०२३ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें दुकानदारांना कळविलें कीं, बिलासाठीं मोबाईल नंबरचा आग्रह धरूं नये. म्हणजे त्या मुलाचें म्हणणें चुकीचें होतें. मी त्याच्यावर रागावत नाहीं. यंत्रांतला तो रकाना त्यानें केलेला नाहीं.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी हे त्यांत अर्जदार होते. त्यापुढें २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत ठेविली गेली. संमति मोकळेपणीं, समजून आणि बिनशर्त दिलेली असावी, व ती देणें जितकें सोपें तितकेंच परत घेणेंही सोपें असावें, असें हा कायदा म्हणतो. त्यांतील एक उदाहरण वाचतांना मला अक्काच समोर दिसली. एक बाई औषधांच्या दुकानांत खरेदी करते, आपण होऊन नंबर देते, आणि पैसे पोंचल्याची पावती मोबाईलवर पाठवा असें सांगते. दुकानदारानें तो नंबर त्या पावतीपुरता वापरावा. पावतीपुरता!

पडद्यावरच्या दुकानांतील युक्त्यांसंबंधीं ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वें निघालीं. त्यांत तेरा प्रकार नांवानिशीं मना केले आहेत. 'शेवटचे दोनच उरले' अशी खोटी घाई करणें, न मागितलेली वस्तु हळूच टोपलींत सारणें, 'नको' म्हणणाऱ्यास लाजविणें, एका कामासाठीं आलेल्याला भलतीच माहिती द्यावयास लावणें. आठवडेबाजारांत वावरलेल्या माणसाला ह्यांतील निम्म्या युक्त्या ओळखीच्याच वाटतील.

तक्रार कोठें करावी हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा टेलिफोन नंबर आहे. नको असलेले विक्रीचे फोन बंद करण्यासाठीं १९०९ आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढें ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते. ५ लाखांपर्यंत फी नाहीं, वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं, मात्र दोन वर्षांच्या आंत गेलें पाहिजे. नव्या कायद्यानें मोठी सोय केली ती ही कीं, आपण राहतों त्याच जिल्ह्यांत तक्रार करतां येते; विक्रेता कोठल्या मुलखांत बसला आहे हें शोधीत हिंडावें लागत नाहीं. आपल्या प्रांतांत ह्या कामाची परंपराही आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं पुण्यास १९७४ सालीं ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ सालीं मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. दोन्ही पहिल्या ग्राहक कायद्याच्या अगोदरच्या.

अक्का प्रथम तक्रारीला तयार होईना. "लोक हंसतील, म्हातारी लुबाडली गेली म्हणून," असें ती म्हणे. माझ्या मतें अशा ठकांचें खरें संरक्षण ही लाजच करिते. शेवटीं डब्याचें वेष्टन, पावती आणि फोन आल्याच्या तारखा एकत्र करून आम्हीं अर्ज केला आहे. निकाल लागावयाचा आहे. गेल्या महिन्यांत मी तिच्याबरोबर गोळ्या आणावयास गेलों होतों. मुलानें संवयीनें नंबर विचारला. "नंबर देणार नाहीं, बिल दे," अक्का म्हणाली. त्यानें एकदां मालकाकडे पाहिलें, यंत्रावर कांहीं दाबलें, आणि बिल निघालें.