साथीच्या दिवसांत मिशनची शाळा

शाळा बंद करण्यास एक आदेश पुरतो. ती उघडी ठेवणें, आणि मुलांच्या व त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला धोका न पोंचवितां उघडी ठेवणें, याला मात्र रोजची दक्षता लागते. कोविडच्या साथीमुळें मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील शाळांचीं दारें लागलीं. पहिली ते चौथीच्या मुलांसाठीं तीं उघडण्याची परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्यें. मधल्या काळांत शिक्षण मोबाईलवर आलें असें म्हणतात. परंतु सालेकसा, देवरी या रानालगतच्या तालुक्यांत ज्या घरीं एकच फोन, आणि तोहि बापाबरोबर धानाच्या बांधीवर जाणारा, त्या घरच्या मुलाची शाळा बुडालीच. देशभरच्या 'असर' या ग्रामीण पाहणींत तिसरीच्या शंभर मुलांपैकीं दुसरीचा धडा वाचूं शकणारीं २०१८ मध्यें २७.३ होतीं, २०२२ मध्यें तीं २०.५ वर आलीं.

आज मी कॅथलिक मिशनच्या शाळांपुरतें बोलणार आहें. आमचा गोंदिया जिल्हा नागपूरच्या महाधर्मप्रांतांत मोडतो. इकडच्या मिशनच्या शाळांत शिकणारीं बहुतेक मुलें ख्रिस्ती नसतात. हिंदु, बौद्ध, गोंड अशा सर्व घरांतून तीं येतात. सरकारचे नियम या शाळांना इतरांसारखेच लागू. पण या शाळांच्या दोन जुन्या संवयी आहेत, एक सकाळची सामुदायिक प्रार्थना व गायन, आणि दुसरी वसतिगृह. एरवीं त्यांचें भूषण असलेल्या याच दोन गोष्टी साथीच्या दिवसांत सर्वांत नाजूक ठरतात.

गायनाचें आधीं पाहूं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट परगण्यांत १० मार्च २०२० रोजीं एका गायकवृंदाची तालीम झाली. ६१ जण जमले, सुमारें अडीच तास गायले. त्यांत एकाला रोगाचीं लक्षणें होतीं. पुढें त्याच्यासह ५३ जणांना रोग झाल्याची नोंद आहे, दोघे दगावले. याचें कारण असें कीं, हा रोग केवळ हाताच्या स्पर्शानें पसरत नाहीं. श्वासाबरोबर अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात, बोलतांना अधिक, मोठ्यानें गातांना त्याहून अधिक. आणि बंद खोलींत ते चुलीच्या धुरासारखे तरंगत राहतात. चूल पेटली म्हणजे आपण दार उघडतों. वर्गांत धूर दिसत नाहीं म्हणून उघडीत नाहीं, इतकाच फरक. तेव्हां प्रार्थना बंद करण्याचें कारण नाहीं. ती सभागृहांतून काढून मैदानांत न्यावी, वर्गावर्गांत अंतर ठेवावें, आणि गाण्याऐवजीं कांहीं दिवस मौन पाळावें. मौनांतहि प्रार्थना होते, हें फादरांना मी सांगावयास नको!

जुलै २०२१ च्या सरकारी सूचनांत, गांवीं महिनाभर रुग्ण नसावा, एका बाकावर एक मूल, दोन बाकांत ६ फूट अंतर, वर्गांत १५ ते २० मुलें, असें सांगितलें होतें. त्यांतील मुलांच्या संख्येचें कलम मला सर्वांत मोलाचें वाटतें. लोकांनीं मात्र लक्ष दिलें तें साबणाकडे आणि कपाळाला लावावयाच्या तापमापकाकडे. खिडकीकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारींत थंडी बोंचरी असते, आणि मीहि नोकरींत असतांना पहिल्या तासाला खिडक्या लावून घेत असें. जानेवारी २०२२ ची लाट नेमकी त्याच दिवसांत आली. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असल्या म्हणजे वारा आरपार जातो. एकाच बाजूच्या चार उघडून तितकें काम होत नाहीं. मुलांना स्वेटर घालूं द्यावा, गणवेषाचा हट्ट सोडावा. पण खिडकी लावूं नये. पडवी असेल तर वर्ग पडवींत, झाड असेल तर झाडाखालीं भरवावा.

१९१८ च्या इन्फ्ल्यूएंझांत न्यूयॉर्क व शिकागो या शहरांनीं शाळा बंद केल्या नाहींत. कोंदट बिऱ्हाडापेक्षां हवेशीर वर्ग बरा, आणि तेथें मुलाकडे रोज कोणीतरी निरखून पाहतें, असा त्यांचा हिशेब होता.

वसतिगृहाचा प्रश्न याहून अवघड. तेथील मुलें एकत्र निजतात, एकत्र जेवतात. जीं एका वर्गांत बसतात त्यांनींच एका खोलींत निजावें व एका पंक्तीस बसावें, म्हणजे रोग शिरला तरी एका गटांत अडकतो, आणि सारी शाळा बंद न करतां तेवढाच गट वेगळा काढतां येतो. दिवाळी किंवा नाताळ करून परतलेल्या मुलांना आठवडाभर निराळें ठेवावें. आजाऱ्याची खोली आधींच रिकामी करून ठेवावी. ताप आल्यावर खाट शोधीत फिरूं नये. मूल घरीं केव्हां पाठवावयाचें, हें सिस्टरांनीं पालकांस प्रवेशाच्या वेळींच लिहून द्यावें.

आणखी एक लहानशी गोष्ट. पुष्कळ शाळांत वर्षभर एकहि दिवस न चुकविणाऱ्या मुलास बक्षीस देतात. त्या बक्षिसाच्या लोभानें आई खोकणाऱ्या मुलाला दप्तर देऊन धाडते, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. साथ असेतों तें बक्षीस बंद ठेवावें.