लघवीत जंतू नाहीत, मग दुखतंय काय?

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. दरवर्षी 18 ते 24 नोव्हेंबर हा त्यासाठीचा जागतिक जनजागृती सप्ताह, त्या दिवसांत इशारे आणि मुलाखती सगळीकडे असतात. त्यात एक गोष्ट मला कुठेच दिसली नाही. अँटिबायोटिक ज्या तक्रारींसाठी सर्रास लिहून दिलं जातं, त्यात लघवीची जळजळ अगदी नेहमीची. आणि त्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्या काही बायकांच्या लघवीत मुळात जंतूच नसतात.

त्यांच्या फायली एकमेकींसारख्या असतात. लघवीच्या तपासणीत पस सेल्स (पू-पेशी) दोन-तीन, कल्चरच्या रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’, म्हणजे जंतू उगवले नाहीत, आणि त्याच तारखेच्या चिठ्ठीवर आधीपेक्षा जोरकस अँटिबायोटिक. चार दिवस बरं वाटतं, कारण हे दुखणं मुळातच कमी-जास्त होत राहतं. मग पुन्हा ओटीपोटात कळ. लघवीची पिशवी जराशी भरली की दुखू लागतं, रिकामी केली की तेवढ्यापुरता आराम. असं सहा आठवड्यांहून अधिक काळ चाललं आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण सापडलं नाही, तर ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ किंवा ‘ब्लॅडर पेन सिंड्रोम’चा विचार करायचा, असं अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनची मार्गदर्शक सूत्रं सांगतात. लांबलचक काळ अँटिबायोटिक देऊ नये, हेही त्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे.

हा आजार नवा नाही. अलेक्झांडर स्कीन यांनी 1887 मध्येच त्याला ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे नाव दिलं. 1915 मध्ये जॉन्स हॉपकिन्सचे गाय हनर यांनी पिशवीच्या आतल्या व्रणांचं वर्णन केलं. तरीही अमेरिकेतल्या ‘कॅम्पबेल्स युरॉलॉजी’ या प्रमाण मानल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या 1978 च्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली ती मनोकायिक विकारांच्या प्रकरणात! हनरचे व्रण थोड्याच रुग्णांत सापडतात. बाकीच्यांची पिशवी दुर्बिणीतून पाहिली तर अनेकदा ठीकठाक दिसते. दिसत नाही म्हणजे दुखत नाही, असा निष्कर्ष काढून वैद्यकशास्त्र मोकळं झालं.

त्याला आव्हान दिलं विकी रॅटनर या वैद्यकीय विद्यार्थिनीने. 1983 च्या सुमारास तिला हे दुखणं सुरू झालं. डॉक्टरमागून डॉक्टर झाले, तपासण्या नॉर्मल येत गेल्या आणि ताणाचं कारण पुढे केलं गेलं. शेवटी ग्रंथालयात बसून, वैद्यकीय नियतकालिकं चाळून तिने स्वतःचं निदान स्वतः केलं. 1984 मध्ये तिने रुग्णांची संघटना उभारली. टीव्हीवरच्या एका सकाळच्या कार्यक्रमात ती या आजाराविषयी बोलली, आणि हजारो पत्रांचा पाऊस पडला. प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त आपल्यालाच होतंय. त्या रेट्यामुळे अमेरिकेत संशोधनाला सरकारी पैसा मिळाला. पुढे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत तिथल्या 2.7 ते 6.5 टक्के प्रौढ स्त्रियांमध्ये या आजाराशी जुळणारी लक्षणं आढळली. पुरुषांनाही तो होतो, फक्त त्यांच्या फाईलवर बहुधा ‘प्रोस्टेट’ लिहिलेलं असतं.

रॅटनर डॉक्टर होणार होती, ग्रंथालय तिच्या हाताशी होतं. आपल्याकडे सातारच्या किंवा परभणीच्या बाईला ‘मनाला लावून घेऊ नका’ असं सांगितलं गेलं, तर तिने कुठलं पुस्तक उघडायचं?

नेमकं कारण अजून उलगडलेलं नाही. पिशवीच्या आतलं संरक्षक अस्तर विरळ होतं, लघवीतले क्षार आतल्या नसांना झोंबतात, नसा अधिकाधिक हळव्या होतात आणि मग थोडी लघवीही ‘पिशवी भरली’ असा निरोप मेंदूकडे धाडते, असं एक सर्वसाधारण चित्र मांडलं जातं. प्रत्येकीत ते सारखंच असतं असं नाही. म्हणून एकच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही.

माझ्या मते उपचाराची खरी सुरुवात साध्या वहीने होते. मापाचा एक प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवायचा आणि तीन दिवस प्रत्येक वेळची नोंद करायची. पान साधारण असं दिसतं: सकाळी 6.10, 150 मिली, दुखणं दहापैकी 4. 7.00, 80 मिली, दुखणं 6. 7.15, चहा. 7.40, 60 मिली, दुखणं 8. निरोगी पिशवीत 400 ते 500 मिली लघवी सहज मावते, हे ठाऊक असलेल्या डॉक्टरला हे पान खूप काही सांगतं. ‘सारखं जावं लागतं’ या तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त.

त्याच वहीतून खाण्याचे धागेही सापडतात. उन्हाळी लागली की आपल्याकडे पहिला उपाय लिंबू सरबत. पण या आजारात आंबट पदार्थांनीच अनेकींचं दुखणं वाढतं. लिंबू, संत्रं, टोमॅटो, चहा-कॉफी, तिखट, दारू, सोड्याची पेयं हे नेहमीचे संशयित. चिंच, आमसूल, लोणचंही तपासून पाहावं. सगळं कायमचं सोडायचं कारण नाही. काही आठवडे थांबवून एकेक पदार्थ परत सुरू करायचा, म्हणजे आपल्याला नेमकं काय बाधतं ते कळतं. पाणी तोडणं मात्र घातक, घट्ट लघवी जास्त झोंबते. लोकलमध्ये आणि बाजारपेठेत धड स्वच्छतागृह नसल्याने बायका पाणी पिणंच टाळतात. मुंबईतली ‘राइट टू पी’ ही स्वच्छतागृहांसाठीची चळवळ मला म्हणूनच आरोग्याची चळवळ वाटते.

फिजिओथेरपीकडे आपल्याकडे फारच दुर्लक्ष होतं. सततच्या दुखण्याने कटीच्या तळाचे, म्हणजे पेल्व्हिक फ्लोअरचे, स्नायू आवळून बसतात आणि मग तेच दुखू लागतात. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट बोटांनी या स्नायूंमधल्या गाठी शोधून हळूहळू सैल करते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 81 स्त्रियांवरच्या चाचणीत या पद्धतीने 59 टक्के स्त्रियांना फरक पडला, साध्या मसाजने 26 टक्के. इथे ‘केगल’चे आवळण्याचे व्यायाम करू नयेत, आधीच आवळलेले स्नायू त्याने आणखी ताठरतात.

औषधं आहेत. रात्री अगदी कमी मात्रेत दिलं जाणारं अ‍ॅमिट्रिप्टिलिन नसांच्या वेदनेसाठी असतं. ते नैराश्याचंही औषध आहे हे वाचून अनेकजणी ते बंद करतात, तसं करू नये. पिशवीच्या अस्तरासाठी दिलं जाणारं पेन्टोसान दीर्घकाळ घेणाऱ्यांनी डोळ्यांचा पडदा तपासत राहावा, तसा इशारा अमेरिकेत 2020 पासून औषधाच्या माहितीपत्रकावरच आहे. हनरचे व्रण असतील तर दुर्बिणीतून ते जाळल्याने किंवा तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्याने चांगला आराम पडतो. व्रण पुन्हा उद्भवू शकतात.

‘नो ग्रोथ’ म्हणजे हाच आजार, असंही नाही. पस सेल्स भरपूर आणि कल्चर कोरं असेल, तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयाची वेगळी तपासणी झालीच पाहिजे, नेहमीच्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू उगवत नाहीत. लघवीत रक्त दिसलं, विशेषतः तंबाखूचं व्यसन असेल, तर कर्करोग नाही याची आधी खात्री करून घ्यावी.

तेव्हा एवढं करा. कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्या. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, तीन दिवसांची वही सोबत घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा. आणि कल्चर कोरं असताना नवं अँटिबायोटिक लिहिलं गेलं, तर ते कशासाठी, हे तिथेच विचारा.