अंगणात गुलमोहर लावताय? आधी वारा अन् पाणी बघा

कळवणमध्ये घर बांधून झाले की अंगणात सावलीचे, फुलांचे झाड हवेच. मूळचा मादागास्करचा गुलमोहर झपाट्याने वाढतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ अन् मुळे उथळ. वळवाच्या वादळात फांदी थेट पत्र्यावर किंवा वीजतारेवर येऊ शकते.

मग लावायचे काय? उन्हाळ्यात पाण्याची ओढ असेल तर बहावा. एकदा रुजला की फार पाणी मागत नाही; एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो. शेंगेतला गर मात्र रेचक, लहान मुलांना जपा. बोअरला बारमाही पाणी असेल तर ताम्हण, आपले राज्यपुष्प. ते मुळात ओढ्याकाठचे झाड.

चांगला पाऊस झाल्यावर दोन फूट खड्डा, शेणखत आणि भिंतीपासून दहा-बारा फूट अंतर. पहिली दोन वर्षे काठीचा आधार द्या. शेळ्या फिरत असतील तर काटेरी कुंपण आधी, रोप नंतर.